पित्ताशयाचे दुखणे आणि पाचक विकरांची गोळी

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसलेली किंवा शस्त्रक्रियेने पित्ताशय काढून टाकलेली व्यक्ती जेवणानंतर पोट फुगणे, करपट ढेकरा, जडपणा अशा तक्रारी सांगू लागली, की पाचक विकरांची गोळी, कॅप्सूल किंवा पातळ औषध तिच्या हाती यायला फारसा वेळ लागत नाही. कधी ते औषधाच्या दुकानदाराने सुचवलेले असते, कधी नातेवाइकांनी, तर अलीकडे पुष्कळदा पित्ताशय नसलेल्यांसाठी खास तयार केलेले पूरक म्हणून त्याची जाहिरात मोबाइलवर आलेली असते. यामागचा तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो. पित्ताशय हा पचनसंस्थेचा भाग आहे, तो बिघडला म्हणजे पाचक रस कमी पडत असणार, आणि कमी पडलेला रस बाहेरून पुरवला की पचन सुधारणार, असा तो तर्क आहे. यातले पहिले विधान खरे आहे, दुसरे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत चुकीचे आहे, आणि तिसरे दुसऱ्याच्याच आधाराने उभे असल्यामुळे तेही टिकत नाही. मात्र हे असे का, हे समजण्यासाठी पित्ताशय नेमके काय करते आणि काय करत नाही, याची माहिती असणे आवश्यक आहे.

पित्तरस तयार होतो तो यकृतात, पित्ताशयात नव्हे. प्रौढ माणसाचे यकृत दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर पित्तरस सतत स्रवत असते, आणि जेवण नसलेल्या वेळात त्याचा बराचसा भाग यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या, पेरूसारख्या निमुळत्या आकाराच्या पित्ताशय नावाच्या पिशवीत साठवला जातो. या पिशवीत जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर द्रव मावतो. परंतु तिचे अस्तर पित्तरसातील पाणी व क्षार शोषून घेऊन त्याला कित्येक पटींनी दाट करते, त्यामुळे लहानशा जागेत पुष्कळ ऐवज राहतो. बोलीभाषेत ज्याला पित्त झाले किंवा पित्त खवळले असे म्हटले जाते, ती छातीतली जळजळ व आंबट पाणी हा जठरातील आम्लाचा प्रकार असून त्याचा या पिशवीशी सहसा संबंध नसतो. तरीही केवळ या गोंधळामुळे आम्लपित्ताचे अनेक रुग्ण पित्ताशयाच्या तपासण्या करून घेतात आणि योगायोगाने सापडलेल्या खड्याला आपल्या सर्व तक्रारींचे कारण समजून बसतात.

विकर, म्हणजे ज्याला इंग्रजीतून आलेल्या शब्दाने एन्झाइम म्हणतात, हे एक प्रकारचे प्रथिन असते आणि ते शरीरातील विशिष्ट रासायनिक क्रिया घडवून आणते किंवा तिचा वेग वाढवते. पचनाच्या बाबतीत विकरांचे काम अन्नातील मोठ्या रेणूंचे तुकडे करण्याचे असते. पिष्टमय पदार्थ फोडणारे अमायलेज लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात असते, प्रथिने फोडणारे पेप्सिन जठरात आणि ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन स्वादुपिंडाच्या रसात असतात, स्निग्ध पदार्थ फोडणारे लायपेज मुख्यतः स्वादुपिंडातून येते, तर दुधातील साखरेसाठी लागणारे लॅक्टेज लहान आतड्याच्या अस्तरात असते. या यादीत यकृत नाही आणि पित्ताशयही नाही. पित्तरसात पाणी, पित्तक्षार, कोलेस्टेरॉल, लेसिथिनसारखे स्निग्ध घटक आणि त्याला पिवळा-हिरवा रंग देणारे बिलिरुबिन असते. अन्न फोडणारे एकही विकर त्यात नसते. पित्तक्षारांचे काम वेगळे आहे. तुपाने माखलेले ताट नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो, आणि तो तुपाचे बारीक कण करून ते पाण्यात मिसळून टाकतो. पित्तक्षार आतड्यात नेमके हेच करतात. स्निग्ध पदार्थाचे मोठे थेंब त्यांच्यामुळे विखुरतात, लायपेजला काम करायला पुरेसा पृष्ठभाग मिळतो, आणि फोडून निघालेली मेदाम्ले पित्तक्षारांच्याच सूक्ष्म पुंजक्यांत बसून आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचतात.

हे श्रमविभाजन उलगडण्याची कथा एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये घडली, आणि ती येथे सांगण्याजोगी आहे, कारण आजच्या गोळ्यांविषयीचा गोंधळ त्या काळातल्या शास्त्रज्ञांच्या मतभेदाशी बराच जुळतो. सशाच्या शरीरात पित्तनलिका आतड्याच्या अगदी आरंभी उघडते, परंतु स्वादुपिंडाची नलिका तेथून बऱ्याच अंतरावर खाली उघडते. शतकाच्या मध्यास क्लोद बेर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सशांना स्निग्ध आहार देऊन पाहिले, तेव्हा शोषलेल्या मेदामुळे दुधाळ दिसणाऱ्या लसीकावाहिन्या पित्तनलिकेच्या मुखापासून नव्हे, तर स्वादुपिंडाच्या नलिकेच्या मुखाच्या खालीच सुरू होतात असे त्याला आढळले. त्यावरून स्निग्ध पदार्थांच्या पचनात स्वादुपिंडाचा रस अपरिहार्य आहे हे सिद्ध झाले, पण त्याचबरोबर पित्तरसाचे महत्त्व कमी लेखले जाण्याचा धोकाही निर्माण झाला. पुढे त्याच परंपरेतील आल्बेर दास्त्र याने कुत्र्यांवर उलट रचना करून पाहिली. त्याने पित्तरसाची वाट बदलून तो आतड्यात बराच खाली सोडला, आणि आता वाहिन्या दुधाळ झाल्या त्या पित्तरस येऊन मिळाल्यानंतरच. दोन्ही प्रयोग एकत्र ठेवले की निष्कर्ष स्पष्ट होतो: लायपेज पुरेसे असून पित्तरस नसेल, किंवा पित्तरस असून लायपेज नसेल, तर मेदाचे शोषण नीट होत नाही, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. पित्तरसाची अडचण असलेल्याला विकरे देण्याच्या प्रथेतील मूळ दोष या दोन प्रयोगांत आधीच उघडा पडला होता.

या दोन रसांचा मेळ घालणारा संदेशवाहक १९२८ मध्ये शिकागोतील अँड्र्यू आयव्ही आणि एरिक ओल्डबर्ग यांनी दाखवून दिला. स्निग्ध पदार्थ व प्रथिने लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे आद्यांत्रात उतरली की तेथील पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते पित्ताशयाला आकुंचन पावायला लावते, पित्तनलिकेच्या टोकाची झडप सैल करते आणि त्याच वेळी स्वादुपिंडाला विकरे स्रवण्याचा आदेश देते. पित्ताशय काढून टाकल्यावर यातील फक्त एक श्रोता नाहीसा होतो. आद्यांत्र तसेच असते, संप्रेरक तसेच स्रवते, स्वादुपिंड तितकीच विकरे पाठवत राहते, आणि यकृतही पूर्वीइतकाच पित्तरस तयार करते. फरक एवढाच, की तो साठून जेवणाच्या वेळी एकदम न येता दिवसभर थोडा थोडा आतड्यात उतरतो. शिवाय शरीर पित्तक्षारांच्या बाबतीत अतिशय काटकसरी आहे. शरीरातील एकूण २ ते ४ ग्रॅम पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून, म्हणजे शेषांत्रातून, सुमारे ९५ टक्के प्रमाणात परत शोषले जातात आणि यकृतामार्गे दिवसातून सहा ते दहा वेळा पुन्हा वापरले जातात. घोडा आणि मोठा उंदीर (रॅट) यांना तर जन्मतःच पित्ताशय नसते, आणि त्यांचे त्यावाचून काही अडत नाही.

माणसाचे पित्ताशय काढून टाकता येते हे बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ च्या जुलै महिन्यात दाखवून दिले. त्यापूर्वी शल्यचिकित्सक पित्ताशय उघडून खडे काढत आणि पिशवी तशीच ठेवत, त्यामुळे खडे पुन्हा होत असत. दुर्बिणीतून हीच शस्त्रक्रिया करण्याचा मान १९८५ मध्ये जर्मनीतील एरिख म्यूहे यांना मिळाला आणि पाचच वर्षांत, १९९० मध्ये, डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातील अशी पहिली शस्त्रक्रिया केली. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होते, रुग्ण एकदोन दिवसांत घरी जातो, आणि पित्ताशयाविना जगणाऱ्यांची संख्या त्यामुळे प्रचंड वाढली आहे. पूरकांच्या विक्रेत्यांना मोठी बाजारपेठ मिळाली ती या वाढीमुळेच.

आता प्रश्न उरतो तो तक्रारींचा, कारण रुग्णाचा त्रास खोटा नसतो. पित्तखड्यांमुळे होणारे खरे दुखणे बहुधा ओळखू येण्यासारखे असते. पोटाच्या वरच्या भागात मध्यभागी किंवा उजवीकडे, बरगड्यांखाली, कळ येते, ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, बऱ्याचदा जड जेवणानंतर किंवा रात्री सुरू होते, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते आणि मग ओसरते. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकतो, पिशवी त्याविरुद्ध आवळली जाते, म्हणून ही कळ येते. अडथळा यांत्रिक असल्याने त्यावर पाचक विकरांचा काहीही परिणाम संभवत नाही. पोट फुगणे, ढेकरा आणि अपचन या तक्रारी मात्र खडे असलेल्यांमध्ये आणि नसलेल्यांमध्ये जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतात, आणि म्हणूनच पित्ताशय काढल्यावर कळा थांबतात पण गॅसेस तसेच राहतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. या अपचनाची मुळे जठरातील आम्ल, हेलिकोबॅक्टर जिवाणूचा संसर्ग, संवेदनशील आतडे, दूध न पचणे, बद्धकोष्ठता, घाईने जेवणे अशी अनेक ठिकाणी असू शकतात. हेही ध्यानात घेतले पाहिजे, की खडे असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना त्यांचा कोणताही त्रास नसतो, आणि मुके राहिलेले असे खडे सहसा काढावेही लागत नाहीत.

विकरांनी खडे विरघळतात हा दावा तर निखालस निराधार आहे. खडे कोलेस्टेरॉलचे असतात किंवा बिलिरुबिनच्या कॅल्शियम-क्षारांचे असतात. उत्तर भारतात पहिल्या प्रकारचे आणि दक्षिण भारतात दुसऱ्या प्रकारचे प्रमाण अधिक आढळते. पिष्ट, प्रथिन आणि मेद फोडणाऱ्या विकरांचा यांपैकी कशावरही प्रभाव पडत नाही, आणि पडला असता तरी तोंडावाटे घेतलेले विकर आतड्यातून उलट दिशेने पित्ताशयात जात नाही, कारण ते स्वतःच प्रथिन असल्यामुळे अखेर इतर प्रथिनांप्रमाणे पचून जाते. तोंडाने घेण्याच्या औषधांपैकी खडे विरघळवण्यासाठी उपयोगी ठरलेले एक औषध आहे ते म्हणजे अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल, आणि ते विकर नसून एक पित्ताम्ल आहे. तेही लहान, कॅल्शियम न साचलेल्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, पित्ताशय नीट आकुंचन पावत असेल तरच, आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर काम करते. थांबवल्यावर पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये खडे परत येतात. ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस आणि जुलाबाचे मीठ घेऊन खडे पाडण्याचा जो उपाय व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतो, त्यातून शौचावाटे पडणारे हिरवट गोळे प्रत्यक्षात तेल आणि पोटातील रस यांपासून बनलेल्या साबणाचे असतात. एका रुग्णाने आणलेल्या अशा गोळ्यांचे रासायनिक परीक्षण २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हते, बिलिरुबिनही नव्हते.

शस्त्रक्रियेनंतरची एक तक्रार मात्र खरोखर पित्तरसाशी निगडित आहे. दहांपैकी एखाद्या-दोघांना जेवणानंतर घाईने शौचास जावे लागणे, पातळ जुलाब होणे असा त्रास काही आठवडे किंवा महिने होतो, कारण सतत झिरपणाऱ्या पित्तक्षारांपैकी थोडे अधिक मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथे पाणी सुटते. बहुतेकांचा हा त्रास हळूहळू आपोआप कमी होतो. इसबगोलसारखा विद्राव्य तंतू त्यात मदत करतो, आणि तो रेंगाळला तर डॉक्टर पित्तक्षारांना बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनची पूड देतात. येथे दुखणे पित्तक्षार जास्त पोहोचल्याचे असते, कमी पडल्याचे नव्हे. पित्ताशय नसलेल्यांसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक पूरकांत गुरांच्या पित्तापासून काढलेले पित्तक्षार घातलेले असतात, ते अशा रुग्णाने घेतले तर जुलाब वाढण्याचीच शक्यता अधिक. आणि पित्तनलिकेत खडा अडकलेला असताना पित्ताचा प्रवाह वाढवणारे काहीही घेणे हा तर सरळ अविचार आहे.

या गोळ्यांमध्ये नेमके असते तरी काय, याचा इतिहासही जुना आहे. मोड आलेल्या सातूतील पिष्ट फोडणारे डायास्टेज १८३३ मध्ये आंसेल्म पायां आणि जाँ-फ्रांस्वा पेर्सो यांनी वेगळे केले आणि १८३६ मध्ये थेओडोर श्वान याने जठरातील पेप्सिन ओळखले. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी भाताच्या कोजी बुरशीपासून डायास्टेज मिळवून १८९४ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले, आणि अपचनावरचे औषध म्हणून ते मोठ्या प्रमाणावर खपले. भारतात आजही मिळणाऱ्या बहुतेक पाचक सरबतांत बुरशीजन्य डायास्टेज आणि पेप्सिन, किंवा कच्च्या पपईच्या चिकातील पपेन, ही जुनीच मंडळी असतात. हे पपेन मांस मऊ करण्यासाठी स्वयंपाकघरात कच्ची पपई वापरली जाते तेव्हाही काम करत असते. दुसऱ्या गटात पॅनक्रिएटिन येते. ते मुख्यतः डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात, आणि त्यात लायपेज, अमायलेज व प्रोटिएज ही तिन्ही असतात.

प्रत्येक विकराला आम्लतेची विशिष्ट पातळी लागते, आणि संयुक्त गोळ्यांची अडचण येथूनच सुरू होते. पेप्सिन तीव्र आम्लातच चालते, तर स्वादुपिंडाचे लायपेज सामू, म्हणजे पीएच, ४ च्या खाली गेला की निकामी होते. म्हणूनच खऱ्या औषधी पॅनक्रिएटिनच्या कॅप्सूलमध्ये जठरात न विरघळणारे लेप चढवलेले बारीक कण असतात. साध्या गोळीतील लायपेजचा मोठा हिस्सा जठरातच वाया जातो. मात्रेचीही तीच कथा आहे. विकराची ताकद मिलिग्रॅममध्ये नव्हे तर त्याच्या क्रियाशीलतेच्या एककांत मोजावी लागते, तरी अनेक वेष्टनांवर नुसते मिलिग्रॅम छापलेले असतात आणि त्यावरून ग्राहकाला काहीच कळत नाही. निरोगी स्वादुपिंड एका जेवणाला लायपेजची काही लाख एकके स्रवते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युजीन डिमॅग्नो यांनी सहकाऱ्यांसह १९७३ मध्ये दाखवून दिले, की लायपेजचा स्राव नेहमीच्या १० टक्क्यांपेक्षा कमी झाल्याशिवाय मलातून मेद जाऊ लागत नाही. स्वादुपिंड शाबूत असलेल्या माणसाकडे याचा अर्थ गरजेच्या कितीतरी पट साठा असतो, आणि त्यात दुकानातली एखादी गोळी टाकल्याने पचनात मोजता येण्याजोगी भर पडण्याचे कारण नाही. न्यायासाठी हेही नोंदवले पाहिजे, की १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अमेरिकी प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना अतिस्निग्ध जेवणासोबत औषधी पॅनक्रिएटिन दिल्यावर पोट फुगणे व जडपणा काहीसा कमी झाला होता. परंतु ते औषध लेप असलेले आणि मोजलेल्या मात्रेचे होते, व ते घेणारे पित्ताशयाचे रुग्ण नव्हते. एवढ्याशा आधारावर रोजची सवय उभी करणे योग्य ठरत नाही.

विकरांची खरी गरज असलेला रुग्णवर्ग वेगळा आहे, आणि त्याचा पित्ताशयाशी एका वाटेने संबंध येतो. पित्ताशयातून निसटलेला खडा पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका जेथे एकत्र येतात तेथे अडकला, की स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊ शकते, आणि सूज भयंकर असेल तर स्वादुपिंडाचा मोठा भाग कायमचा मृत होतो. अशा रुग्णांना, तसेच जुनाट स्वादुपिंडदाहाच्या, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या आणि स्वादुपिंडाचा भाग काढलेल्या रुग्णांना बाहेरून विकरे दिली नाहीत तर त्यांचे वजन घटत जाते, मल फिकट, चिकट, दुर्गंधीयुक्त होतो आणि पाण्यावर तरंगतो, आणि अ, ड, ई, के ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे कमी पडतात. मलातील इलास्टेज या विकराचे प्रमाण मोजून हे निदान पक्के करता येते. ते ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमहून कमी असेल तर स्वादुपिंड कमी पडत असल्याची शंका येते. या रुग्णांना मुख्य जेवणासोबत लायपेजची साधारण ४० ते ५० हजार एकके सुरुवातीला दिली जातात, आणि ती जेवणाआधी किंवा नंतर नव्हे, तर घासांबरोबर घ्यावी लागतात. दूध न पचणाऱ्याला लॅक्टेजचा उपयोग होतो, हेही तितकेच खरे. दोन्ही ठिकाणी कोणते विकर कमी आहे हे आधी ठाऊक असते आणि नेमके तेच दिले जाते.

कायद्याची चौकट या फरकाला हळूहळू मान्यता देत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये स्वादुपिंडाच्या विकरांची औषधे बनवणाऱ्या सर्व कंपन्यांना रीतसर मान्यता घेण्यास सांगितले, कारण वर्षानुवर्षे खपत आलेल्या या औषधांची ताकद एका गटापासून दुसऱ्या गटापर्यंत बदलत असे. त्या अटींनुसार पहिली मान्यता २००९ मध्ये मिळाली. भारतात केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ निश्चित-मात्रा संयोगांवर, म्हणजे एकाच गोळीत ठरावीक प्रमाणात एकत्र केलेल्या औषधांच्या मिश्रणांवर, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या २६-अ कलमाखाली बंदी घातली. रुग्णाला त्यांचा उपचारात्मक लाभ नसून धोका संभवतो, असे कारण देण्यात आले. या यादीतील पहिलेच मिश्रण डझनाहून अधिक पाचक विकरांचे होते, आणि पुढेही विकरांची अनेक मिश्रणे होती, ही गोष्ट वृत्तपत्रांत आली तरी तिची चर्चा वेदनाशामकांच्या आणि सर्दीच्या गोळ्यांच्या गलबल्यात हरवून गेली. औषध म्हणून न विकता आरोग्यपूरक म्हणून विकले जाणारे पदार्थ मात्र भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांखाली येतात, आणि त्यांच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नसल्याचे छापणे बंधनकारक आहे. पित्ताशयाच्या आजारावर उपाय म्हणून घेतल्या जाणाऱ्या डबीवर असे छापलेले असावे, याहून स्पष्ट इशारा दुसरा नसेल.

फायदा नाही तरी तोटा तरी काय, हा युक्तिवादही पूर्णपणे खरा नाही. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलांना अतितीव्र लायपेज दिल्याने मोठे आतडे आकसून अरुंद झाल्याची उदाहरणे ब्रिटनमध्ये १९९४ मध्ये नोंदवली गेली, आणि तेव्हापासून मात्रेवर कमाल मर्यादा आली. पपेनची अ‍ॅलर्जी असते, अननसातील ब्रोमेलेन रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेताना सावधगिरी लागते, आणि डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले पॅनक्रिएटिन किंवा गुरांचे पित्त माळकरी, जैन किंवा मुस्लिम घरात नकळत पोटात जाते, कारण अन्नपदार्थांवर असते तसे हिरवे वा तपकिरी चिन्ह औषधांवर लावण्याची सक्ती नाही. अशा रुग्णाने डॉक्टरांना ते थेट विचारलेले बरे. याहून मोठा तोटा वेळेचा आहे. पोट बिघडले आहे असे समजून गोळ्या घेत राहिलेल्या रुग्णाचे खडे पित्तनलिकेत सरकतात, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेल्या अपचनामागे लपलेला गंभीर आजार उशिरा उघड होतो.

आहाराच्या बाबतीत सांगण्यासारखे थोडेच आहे, पण ते गोळीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे. पित्ताशय दीर्घकाळ आकुंचन न पावता राहिले तर त्यातील दाट रस साचतो आणि खड्यांना पोषक स्थिती तयार होते. त्यामुळे लांबलचक उपवास, महिन्याभरात खूप वजन उतरवणारे आहार आणि तेल-तूप संपूर्ण वर्ज्य करणे, या तिन्ही गोष्टी अपायकारक ठरू शकतात. वजन घटवण्याच्या नव्या इंजेक्शनांमुळेही पित्ताशयाचे विकार वाढल्याचे आढळले आहे. एकादशीला दिवसभर रिकामे पोट आणि रात्री साबुदाण्याची तुपातली, दाण्याच्या कुटाने भरलेली खिचडी किंवा तळलेले वडे, हा मराठी घरातला क्रम खड्यांचा त्रास असलेल्या माणसासाठी कळ उठण्याचे निमंत्रण ठरू शकतो. खडे असताना किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत स्निग्ध पदार्थ थोडे थोडे, दिवसभरात विभागून घेतले आणि तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवले, तर बहुतेकांचे चांगले निभते. पुढे तर बहुतेकांना कोणतेही पथ्य लागत नाही.

पित्ताशयाच्या रुग्णाला कोणी विकरांची गोळी लिहून दिली, तर ती का आणि किती दिवस, आणि स्वादुपिंडाची कोणती तपासणी पाहून दिली आहे, हे त्याने जरूर विचारावे, आणि समाधानकारक उत्तर नसेल तर ती घेण्याची घाई करू नये. पाच-सहा तासांत न थांबणारी कळ, थंडी वाजून येणारा ताप, डोळ्यांत उतरलेला पिवळेपणा, गडद लघवी किंवा पांढुरके शौच यांपैकी काहीही दिसले, तर मात्र घरातील कोणतीही पाचक गोळी किंवा सरबत देऊन वाट न पाहता रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.